विंचवाचें बिऱ्हाड आणि परमुलखांतील रुग्णशय्या

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मराठींत आतां चांगला वयांत आला आहे. विष्णुभट गोडसे १८५७ सालीं वरसईहून उत्तरेकडे निघाले, पुढें बऱ्याच वर्षांनीं त्यांनीं आपली हकीकत लिहून काढली आणि १९०७ सालीं चिंतामणराव वैद्यांनीं ती 'माझा प्रवास' या नांवानें प्रसिद्ध केली. तेथपासून अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) या पुस्तकापर्यंत, आणि तेथून पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई' (१९६०) पर्यंत या प्रकारानें किती वळणें घेतलीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अलीकडे तर अशीं पुस्तकें इतकीं निघतात कीं, ग्रंथालयांत त्यांना स्वतंत्र कपाट द्यावें लागतें. या कपाटापुढें उभें राहिलें म्हणजे एक प्रश्न आमच्या मनांत वारंवार येतो. हे सगळे प्रवासी परमुलखांत कधींच आजारी कसे पडत नाहींत?

प्रश्न थट्टेचा नाहीं. पाणी बदललें कीं पोट बिघडतें, हवा बदलली कीं ताप येतो, अनोळखी पायऱ्यांवर पाय मुरगळतो. जें घरीं टळत नाहीं तें बाहेर कसें टळावें? परंतु पुस्तकांत त्याचा उल्लेख आला तर तो विनोदाच्या एका ओळीपुरता. लेखक विमानांत बसतो, राजवाडे पाहतो, चित्रसंग्रहालयांत थक्क होतो, भाकरीच्या आठवणीनें व्याकुळ होतो आणि धडधाकट परत येतो. वाचकासही तेवढेंच पुरें वाटतें. आमचें म्हणणें असें कीं, या मौनामुळें मराठी प्रवासवर्णनाचें मोठें नुकसान झालें आहे. आणि ज्या थोड्या ग्रंथांनीं हें मौन मोडलें, त्यांच्याकडे आपण प्रवासवर्णन म्हणून कधीं नीट पाहिलेंच नाहीं.

आज हा विषय काढण्यास निमित्तही आहे. पूर्वी परदेशीं जाणारा मनुष्य कोणाच्या तरी आश्रयानें जाई. संस्थान त्यास पाठवी, मिशन बोलावी, विद्यापीठ नेमी; निदान प्रवासी कंपनीचा व्यवस्थापक तरी त्याच्याबरोबर असे. आतां मध्यम स्थितींतल्या घरांतलीं मुलें-मुली पाठीवर एक सॅक टाकून एकटीं निघतात आणि स्वस्त वसतिगृहांतून, रात्रीच्या बसगाड्यांतून महिना महिना फिरतात. यास इंग्रजी शब्दानेंच 'बॅकपॅकिंग' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पण 'विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर' ही आपली म्हण त्यास इतकी चपखल बसते कीं, नवा शब्द घडविण्याची गरज भासूं नये. मात्र या बिऱ्हाडांत एक उणीव असते. आजारी माणसानें पडावें अशी जागा त्यांत नसते.

आजार हा साहित्याचा विषय कां झाला नाहीं, हा प्रश्न व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेनें १९२६ सालच्या एका निबंधांत विचारला होता. प्रेम, युद्ध, मत्सर यांच्या पंक्तीस आजाराला पाट कां नाहीं, असा तिच्या विचाराचा रोख होता. प्रवासवर्णनाच्या बाबतींत हा प्रश्न अधिकच टोंचतो. कारण निरोगी प्रवासी हा स्वभावतःच प्रेक्षक असतो. तो पाहतो, आवडलें तर थांबतो, न आवडलें तर पुढें जातो. त्या देशाशीं त्याचें नातें तिकिटाचें असतें. आजारी पडला कीं हें नातें एका रात्रींत पालटतें. आतां तो पाहणारा राहत नाहीं, त्याला दुसरे पाहूं लागतात. त्याचें पागोटें, त्याची विद्वत्ता, त्याच्या देशाची थोर संस्कृति यांतलें कांहीं कामास येत नाहीं. कोणीतरी पाणी द्यावें लागतें, कोणीतरी भांडें उचलावें लागतें. तें कोण करतें, कां करतें आणि कशा चेहऱ्यानें करतें, यावरून त्या देशाची जी परीक्षा होते ती दहा राजवाडे पाहून होत नाहीं.

जुन्या काळच्या परदेशी प्रवाशांना ही गोष्ट ठाऊक होती. पांचव्या शतकाच्या आरंभीं चीनहून आलेला फाहियान हा भिक्षु पायीं हिंदुस्थानांत पोंचला. वाटेंत बर्फाच्या डोंगरावर त्याचा एक सोबती थंडीनें डोळ्यांदेखत गेला. एरवीं अत्यंत संयमानें लिहिणारा फाहियान तेथें रडला, हें त्यानें लपविलें नाहीं. आणि हाच फाहियान पाटलीपुत्रास आल्यावर राजवाड्याबरोबरच तेथल्या धर्मार्थ रुग्णालयांचें वर्णन करतो. गोरगरीब, अनाथ, पंगु यांना तेथें औषध आणि अन्न फुकट मिळतें, बरें वाटेपर्यंत ठेवून घेतात, हें तो मुद्दाम टिपतो. ज्यानें वाटेवरचें मरण पाहिलें आहे त्याच्या नजरेस रुग्णालय पडावें, हें साहजिकच होय. चौदाव्या शतकांतला इब्न बतूता १३२५ सालीं घरून निघाला तो पहिल्याच टप्प्यांत तापानें फणफणला. मागें राहण्याऐवजीं त्यानें पागोट्याच्या कापडानें स्वतःला खोगिराशीं बांधून घेतलें. पुढील सबंध ग्रंथांतल्या साहसांपेक्षां ही एक गोष्ट त्या तरुणाचा स्वभाव अधिक सांगते.

आतां आपल्याकडे वळूं. परमुलखांत आजारी पडलेल्या मराठी प्रवाशाची पहिली ठळक हकीकत एका राजाची आहे. कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज १८७० सालीं विलायतेस गेले. वय अवघें वीस. इंग्लंडमधील मुक्काम आटोपून युरोपांतून परततांना त्यांची प्रकृति बिघडली आणि इटलीची त्या वेळची राजधानी फ्लॉरेन्स येथें ३० नोव्हेंबर १८७० रोजीं त्यांचा अंत झाला. हिंदु रीतीप्रमाणें दहन व्हावें, असा बरोबरच्या मंडळींचा आग्रह. त्या शहरास ही गोष्ट सर्वस्वी नवी. तरी परवानगी मिळाली आणि अर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. १८७४ सालीं तेथें त्यांचें स्मारक उभें राहिलें. पुढें जवळच पूल झाला, त्यासही तेथले लोक 'हिंदी माणसाचा पूल' अशा अर्थाच्या नांवानेंच ओळखतात.

या प्रवासाची रोजनिशी राजाराम महाराजांनीं स्वतः इंग्रजींत लिहिली आणि कॅप्टन वेस्ट यांनीं ती १८७२ सालीं लंडनमध्यें छापली. ती वाचतांना आमचें लक्ष एका गोष्टीकडे जातें. भेटीगाठी, नाटकें, प्रेक्षणीय स्थळें यांची नोंद राजा नेमानें करतो; वाक्यें स्वच्छ, विद्यार्थ्याच्या वहींत असावीं तशीं. पण ज्या घटनेमुळें हा प्रवास इतिहासांत राहिला, ती सांगण्याचें काम अर्थातच दुसऱ्याच्या वांट्यास आलें. फ्लॉरेन्समधल्या त्या शेवटच्या दिवसांत या वीस वर्षांच्या मुलाच्या मनांत काय चाललें होतें, मायबोलींत त्यानें कोणाला काय सांगितलें, हें आपणांस कधींही कळावयाचें नाहीं. छत्रीखालीं त्याचा अर्धपुतळा आहे, शब्द नाहींत. प्रवासवर्णनाचें मौन म्हणतात तें हें, आणि त्यांत राजास दोष देतां येत नाहीं.

याच्या उलट उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचें. ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून त्या एकट्या निघाल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कास उतरल्या. वय अठरा. बरोबर नवरा नाहीं, नोकर नाहीं, जातीचें माणूस नाहीं. अमेरिकेंत त्यांना आसरा मिळाला तो पत्रांतून ओळख झालेल्या कार्पेंटरबाईंचा. त्यांना त्या मावशी म्हणत. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून ११ मार्च १८८६ रोजीं त्यांनीं एम्. डी. ची पदवी मिळविली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक ठरली, आणि त्या कामावर रुजू होण्यापूर्वींच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें त्यांचें देहावसान झालें. रोगी बरे करण्याची विद्या शिकावयास गेलेली मुलगी स्वतःच रोगी होऊन परतली. त्यांच्या रक्षेला कार्पेंटर कुटुंबानें आपल्या कुलाच्या स्मशानभूमींत, न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी येथें, जागा दिली.

ही कथा सर्वांस ठाऊक आहे, आणि तीच अडचण आहे. कॅरोलाइन डॉल यांनीं १८८८ सालीं बॉस्टन येथें त्यांचें इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलें; काशीबाई कानिटकरांनीं मराठी चरित्र लिहिलें; श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ सालीं आली. २०१९ सालीं चित्रपट निघाला. या परंपरेंत जसजसें खालीं यावें तसतशी आनंदीबाईंची मूर्ति अधिक तेजस्वी होत जाते आणि त्यांचें शरीर अधिक अदृश्य. म्हणून काशीबाईंचें चरित्र आम्हांस आजही सर्वांत मोलाचें वाटतें. त्यांत आनंदीबाईंचीं पत्रें भरपूर आहेत, आणि पत्रांत थंडी आहे, डोकेदुखी आहे, ताप आहे. आहार शाकाहारी ठेवण्याचा निश्चय आहे आणि त्या निश्चयापायीं होणारी कुचंबणा आहे. नऊवारी लुगड्यानें पोटऱ्या उघड्या पडतात, फिलाडेल्फियाचा हिंवाळा तें खपवून घेत नाहीं, म्हणून गुजराती पद्धतीचें पातळ नेसण्याचा विचार आहे; आणि एवढ्याशा बदलासाठींही सातासमुद्रापलीकडील नवऱ्याची मान्यता मागावी लागते. प्रकृति, पोषाख, धर्म आणि दांपत्य हे चारी प्रश्न एका लुगड्याच्या लांबींत येऊन बसले आहेत. कादंबरीकारास हा प्रसंग कल्पनेनें रचावा लागला असता. काशीबाईंनीं तो नुसता झांकला नाहीं, एवढ्यानेंच त्यांचें काम झालें.

काशीबाईंचा दुसरा गुण असा कीं, गोपाळरावांच्या स्वभावाचे दोन्ही पदर त्या वाचकांपुढें ठेवतात. परमुलखांतील आजारी माणसास घरून काय लिहावें, हा एक वेगळाच नीतिप्रश्न आहे. पत्र पोंचावयास कित्येक आठवडे लागत. रागाच्या भरांत लिहिलेली ओळ तापांतल्या माणसाच्या हातीं पडे. पत्र लिहिणारा तोंपर्यंत शांत झालेला असे, पण ओळ तशीच राहे. आज निरोप क्षणांत पोंचतो. परंतु दुरून दटावणारें प्रेम आणि दुरून धीर देणारें प्रेम यांतला भेद कांहीं तारायंत्रानें मिटलेला नाहीं. आपल्या मुलांशीं फोनवर बोलणाऱ्या प्रत्येक आईबापानें या दृष्टीनें हीं पत्रें एकदां वाचावीं, असें आम्हांस वाटतें.

तिसरा ग्रंथ धर्मानंद कोसंब्यांचें 'निवेदन' (१९२४). गोव्यांतील सांखवाळ गांवीं १८७६ सालीं जन्मलेला हा मनुष्य बुद्धाच्या धर्माचें मूळ शोधण्यासाठीं घर सोडून निघाला. पुणें, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी त्यांची भ्रमंती झाली, आणि पुढें विद्वान् म्हणून ते अमेरिकेंतल्या हार्वर्ड विद्यापीठापर्यंत गेले. पहिल्या भ्रमंतींत जवळ पैसा जवळजवळ नव्हता. 'पाठीवर बिऱ्हाड' हे शब्द ज्यास अक्षरशः लागू पडतील असा मराठींतला हा प्रवासी. आणि विशेष हें कीं, त्याच्या बिऱ्हाडांत अहंकारही फारसा नाहीं. १९०२ सालीं कोलंबोच्या विद्योदय विहारांत ते श्रामणेर झाले. पण तेथील आहार त्यांच्या प्रकृतीस मानवला नाहीं आणि त्यांना बेट सोडावें लागलें. जो ज्ञानाच्या शोधांत एवढ्या दूर आला त्यानें जेवणापायीं परतावें, हें सांगणें दुसऱ्या एखाद्यास लाजिरवाणें वाटलें असतें. कोसंबी तें हवामानाची नोंद करावी तसें सांगतात. कोणी भाडें दिलें, कोणी जेवूं घातलें, कोठें निराशा झाली, हेंही त्याच आवाजांत.

हा आवाज त्यांना कोठून लाभला याचा विचार करतां आम्हांस असें वाटतें कीं, तो भिक्षुसंघाच्या आचारांतून आला. बौद्ध भिक्षूला चारच गोष्टींवर हक्क सांगतां येतो: चीवर, भिक्षान्न, राहण्याची जागा आणि आजारांत लागणारें औषध. पालि भाषेंत या चवथ्या गोष्टीला 'गिलानपच्चय' असा स्वतंत्र शब्द आहे. ज्यानें सगळें सोडलें त्यालाही औषध सोडावें लागत नाहीं; कारण फिरणारा मनुष्य केव्हांतरी आजारी पडणारच, हें त्या शास्त्यानें गृहीत धरलें होतें. विनयपिटकांत कथा आहे ती प्रसिद्धच आहे: अतिसारानें घाणींत पडलेल्या, कोणी न विचारलेल्या भिक्षूला बुद्धानें आनंदाच्या मदतीनें स्वतः न्हाऊं घातलें आणि रुग्णाची सेवा हीच आपली सेवा, असें संघास बजावलें. म्हणजे आजारीपण हा भ्रमंतीचा अपघात नव्हे, भ्रमंतीच्या नियमांतलें तें एक कलमच होय. कोसंब्यांच्या गद्यांत आजार विनासंकोच येतो, याचें कारण आम्ही तेथें शोधतों.

या तिघांच्या जोडीस गांधीजींची आत्मकथा ठेवावी. ती गुजरातींत लिहिलेली. परंतु आमच्या वर्धा जिल्ह्यास परकी म्हणतां येत नाहीं. १९१४ सालीं लंडनमध्यें त्यांस फुप्फुसाच्या आवरणाचा दाह झाला, तेव्हां दूध न घेण्याचें त्यांचें व्रत, डॉक्टरांची त्यावरची नाराजी, आणि डॉक्टर ॲलिन्सन यांच्या सल्ल्याप्रमाणें मोकळी हवा यावी म्हणून खिडकीच्या कांचा फोडून घेण्याचा प्रकार त्यांनीं जसाच्या तसा सांगितला आहे. त्यांत थोडा हट्ट आहे, थोडी गंमत आहे. परंतु परक्या शहरांतलें आजारपण कसें लिहावें याचा तो नमुना आहे: रोगाचें कौतुक नाहीं आणि रोगाची लाजही नाहीं.

आतां चालू काळाकडे येऊं. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें मध्यंतरीं आपल्या व्हिएतनामच्या प्रवासाचें हस्तलिखित प्रस्तावनेसाठीं आमच्याकडे आणून दिलें. दोनशें पानें, भाषा स्वच्छ, निरीक्षण चांगलें. त्यांत मध्येंच एका लहान शहरीं अकरा दिवस गेल्याचें दिसलें, आणि त्या अकरा दिवसांना ओळी तीन. विचारतां कळलें कीं, तेथें त्याला डेंग्यू झाला होता. तीन-चार दिवस ताप, डोळ्यांच्या मागें ठणका, हाडें मोडल्यासारखी वेदना. मग ताप एकाएकीं उतरला, त्यास हायसें वाटलें आणि त्यानें पुढल्या गांवच्या बसचें तिकीट काढलें. वसतिगृहाच्या मालकिणीनें त्याच्या हातावरचे तांबडे ठिपके पाहिले आणि बसऐवजीं रुग्णालयाची वाट दाखविली. डेंग्यूची खरी कसोटी ताप उतरतांनाच लागते. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपूं लागतो, बिंबाणू घटतात आणि बरें वाटण्याचा तो दिवसच घाताचा ठरूं शकतो. या रोगाला मारणारें औषध नाहीं. द्रवाचा तोल संभाळणें, रक्त वारंवार तपासणें आणि ॲस्पिरिनसारख्या गोळ्या टाळणें, हाच उपचार. मालकीण न बोलती तर तो मुलगा रात्रीच्या बसमध्यें असता.

याहून अधिक त्यानें जें सांगितलें तें ऐकून आम्ही थक्क झालों. तेथें रोग्याचें खाणेंपिणें बहुधा घरचीं माणसेंच पाहतात. याचें घर नाहीं. शेजारच्या खाटेवरील म्हातारीची मुलगी आईसाठीं तांदळाची पेज आणी, ती तिसऱ्या दिवसापासून दोन भांडीं आणूं लागली. एका शब्दाचीही भाषा समान नाहीं. डॉक्टर मोबाइलवर वाक्य टंकून भाषांतर दाखवीत. त्यांतून विचारीत, दुखणें कसें आहे? आपल्याकडे दुखण्याला केवढा शब्दसंग्रह! ठणकतें, सलतें, चुरचुरतें, भगभगतें, कळ येते, चमक निघते, गोळा उठतो, मुंग्या येतात. आपली आई यांतल्या एका शब्दावरून औषध ठरवी. त्या यंत्रापाशीं याच्या साऱ्या वेदनेला एकच शब्द होता. "सर, मला तेथें पहिल्यांदा कळलें कीं मी मराठींत आजारी पडतों," असें तो बोलून गेला. हें वाक्य त्या दोनशें पानांत कोठेंही नव्हतें.

तें कां लिहिलें नाहीस, असें विचारतां त्यानें दोन कारणें दिलीं. एक, आईला अजून सगळें सांगितलेलें नाहीं. दुसरें, प्रवासवर्णनांत आजाराचें रडगाणें कोणास हवें? दुसऱ्या कारणाचा दोष त्याचा नाहीं. तो आम्हां समीक्षकांनीं आणि वाचकांनीं घडविलेल्या रुचीचा आहे. प्रवासी म्हणजे पाहणारा, प्रसन्न आणि अजिंक्य, असें आपण ठरविलें. त्या मापांत न बसणारे अकरा दिवस त्यानें कापून टाकले. आणि ज्या पानांत त्याला एक सबंध देश भेटला होता, तींच पानें गेलीं. प्रस्तावना देण्यापूर्वीं तीं पानें लिहून आणण्यास आम्हीं त्यास सांगितलें आहे.

यावर आक्षेप येतील. पहिला असा कीं, दुखणें ही खासगी गोष्ट आहे. चारचौघांत सांगण्याची रीत नव्हे. ही मर्यादा आम्हांसही मान्य आहे. परंतु शरीराचें वर्णन आणि शरीराचें प्रदर्शन यांत अंतर आहे. कोसंबी आणि काशीबाई यांच्या पानांत ओशाळवाणें कांहीं नाहीं. दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: अलीकडे आपल्या दुखण्याचें क्षणोक्षणींचें वृत्त जगजाहीर करणारे पुष्कळ झाले आहेत, त्यांत आणखी भर कशाला? याचें उत्तर असें कीं, त्या वृत्तांत बहुधा रोगी एकटाच असतो. खाटेजवळची म्हातारी नसते, पेज आणणारी मुलगी नसते, रात्रपाळीची परिचारिका नसते. रोग्याची दृष्टि स्वतःवरून उठून शेजारच्या खाटेवर जेथें जाते तेथें वाङ्मय सुरू होतें. आधीचें सारें केसपेपर होय.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि त्यास आम्ही कमी लेखत नाहीं. परदेशांतला आजार ही आधीं पैशाची बाब आहे, साहित्याची नंतर. युरोपांतील शेंगेन देशांच्या प्रवेशपत्रासाठीं निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. अमेरिकेंत १९८६ च्या कायद्यान्वयें तातडीच्या रोग्यास रुग्णालयानें तपासून त्याची प्रकृति स्थिर करावीच लागते. पण त्याचें बिल मागाहून येतें आणि तें मध्यम घराचें कंबरडें मोडूं शकतें. ब्रिटनमध्यें सरकारी दवाखाना आहे म्हणून आपल्या लोकांस निर्धास्त वाटतें. परंतु अल्पकाळ आलेल्या परदेशी पाहुण्यास तेथें दाखल व्हावें लागल्यास बहुतेक उपचारांचा दीडपट आकार पडतो. पाठीवर बिऱ्हाड घेणाऱ्यानें या गोष्टी निघण्यापूर्वीं वाचाव्या, विम्याच्या कागदांतलीं बारीक अक्षरें वाचावीं, आपल्या नित्याच्या औषधांचीं मूळ नांवें लिहून जवळ ठेवावीं. पण हेंही प्रवासवर्णनांतून कां कळूं नये? गोडसे भटजींच्या पुस्तकांतून आपणांस त्या काळच्या दक्षिणा कळतात, लुटारू कळतात, वाटेचे मुक्काम कळतात. आजचा लेखक मात्र जेवणाचें बिल छापतो आणि रुग्णालयाचें लपवितो.

मग चांगलें काय मानावें? आमची कसोटी साधी आहे. प्रवासी आजारी पडला, तर त्याच्या पुस्तकांत तीन गोष्टी दिसाव्या: त्याला कोणी उचललें, त्याची किंमत कोणी दिली, आणि बरें झाल्यावर त्याची त्या देशाकडे पाहण्याची दृष्टि कोठें बदलली. पहिलीनें कृतज्ञता येते, दुसरीनें सत्य येतें, तिसरीनें वाङ्मय. राजाराम महाराजांच्या रोजनिशीस ही कसोटी लावतां येत नाहीं, कारण तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोंचण्यास ते जगले नाहींत. आनंदीबाईंच्या पत्रांत पहिल्या दोन्ही गोष्टी आहेत आणि तिसरी अर्धीमुर्धी आहे. कोसंब्यांच्या 'निवेदना'त तिन्ही आहेत, आणि म्हणून मराठी प्रवासगद्यांत आम्ही त्यास फार वरचें स्थान देतों. आत्मचरित्राच्या कपाटांत ठेवून आपण त्याच्यावर अन्याय केला आहे.

हा लेख आम्ही सिंदी मेघे येथें बसून लिहीत आहों. येथून एकीकडे सेवाग्राम आणि दुसरीकडे सावंगी मेघे, दोन्ही हांकेच्या अंतरावर, आणि दोन्हीकडे मोठीं रुग्णालयें. सेवाग्रामच्या आश्रमांत कुष्ठरोगानें ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री येऊन राहिले आणि गांधीजी स्वतः त्यांच्या अंगास मालीश करीत, ही गोष्ट येथल्या मुलांसही ठाऊक असते. देशोदेशीं हिंडलेले धर्मानंद कोसंबी शेवटीं याच सेवाग्रामीं आले आणि अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजीं त्यांनीं तेथें देह ठेवला. त्यांचें जन्मगांव तेव्हां पोर्तुगीज अमलाखालीं होतें. ज्यांनीं त्यांची शुश्रूषा केली तीं त्यांच्या रक्ताचीं माणसें नव्हतीं.

आज या रुग्णालयांच्या आवारांत झाडाखालीं तीन दगडांची चूल मांडून बसलेलीं माणसें दिसतात. कोणी तेलंगणाच्या सीमेवरून आलेलें, कोणी मध्यप्रदेशांतून, कोणी गोंडी बोलणारें. कागद वाचतां येत नाहीं, खिडकीवरच्या कारकुनाची भाषा कळत नाहीं, दुखणें कोणत्या शब्दांत सांगावें हें सुचत नाहीं. त्यांच्या दृष्टीनें हें वर्धाच परमुलूख आहे. व्हिएतनामांतल्या त्या मुलीनें दुसरें भांडें आणलें, हें आमच्या विद्यार्थ्यानें आतां लिहावयाचें आहे. इकडच्या खाटांवरून कोणी उठून घरीं जाईल आणि आपल्या भाषेंत आपल्या माणसांना आमच्या गांवाविषयीं सांगेल, तें आपण वाचणार नाहीं. तरी तें कोणीतरी ऐकणार आहे.